चौदा तारखेची बाटली

भुंग्याने फ्रिजचं दार चौथ्यांदा उघडलं तेव्हा बायकोने पांघरुणातूनच आवाज दिला, "अरे, बाटली आहे ती, पाखरू नाही. उडून नाही जाणार."

"बघतोय फक्त."

"बघून बघून आंबवशील."

भुंग्याने दार लावलं, दोन पावलं गेला आणि पुन्हा उघडलं. दुसऱ्या फळीवर, दुधाच्या पिशव्यांना टेकून, ती उंच काचेची बाटली उभी होती. बुचावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर काळ्या शाईत आकडा: १४. चौदा तारखेला गाळलेला अर्क. सफरचंदाच्या साली, साखर आणि व्हिनेगर नऊ दिवस मुरवून, रोज सकाळ-संध्याकाळ हलवून, तान्ह्या बाळासारखा सांभाळून झालेला. बाटली उघडून वास घ्यावा असं त्याच्या फार मनात होतं. पण अर्क एकदा उघडला की त्याचा वरचा सुगंध उडून जातो, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत आला होता. आपल्याच नियमाने बांधलेला माणूस फ्रिजसमोर उभा राहून नुसता कुढत होता.

आज पावणेदहापासून कॉफी बनवणाऱ्यांची स्पर्धा होती आणि भुंग्याची पाळी सव्वाअकराला. पंधरा मिनिटं आणि चार परीक्षक. आधी प्रत्येकाला एस्प्रेसो द्यायची, मग दुधाची कॉफी आणि शेवटी एस्प्रेसो वापरून स्वतः शोधलेलं एक पेय. खरी मेख या शेवटच्या पेयात होती. कप हातात देण्याआधी स्पर्धकाने त्याची चव शब्दांत सांगायची आणि परीक्षकांनी पिऊन बघायचं. जे बोललात ते कपात सापडलं तर गुण, नाही सापडलं तर शून्य.

गेल्या वर्षी भुंग्याने अकरा चवी सांगितल्या होत्या. मुख्य परीक्षकबाईंनी कागदावर लिहिलं होतं, "दोन सापडल्या. स्पर्धकाने कमी बोलावे."

पण कमी बोलणं भुंग्याच्या हातात नव्हतं. भीती वाटली की त्याच्या तोंडून शब्दांचा लोंढा सुटायचा, आणि भीती तर त्याला कायमच वाटायची. म्हणून तर कॅफेत त्याचं नाव भुंगा पडलं होतं. बायको दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. ती म्हणायची, "दिवसभर लोकांना 'तोंड उघडा' म्हणते आणि घरी येऊन तुला 'तोंड मीट' म्हणते. माझी नोकरी काही संपतच नाही."

या वर्षी मात्र गोष्ट जिवावर आली होती. कॅफेच्या मालकांनी एक रंगीत पुस्तिका आणली होती. त्यात बटणाच्या मशीनचं चित्र होतं. एक बटण दाबलं की कॉफी, दुसरं दाबलं की फेस. माणूस नको, गप्पा तर अजिबात नकोत. "हे बघ," मालक म्हणाले होते, "बटणाचा हात थरथरत नाही. पहिल्या तिघांत आलास तर आपलं हे हाताने चालवायचं दांड्याचं मशीन राहील आणि तूही राहशील. नाहीतर सोमवारी मी बटणवाल्यांना फोन करणार." आणि दांड्याच्या मशीनमागे उभं राहण्याखेरीज भुंग्याला जगात दुसरं काही येत नव्हतं.

सात वाजता खोक्यात बर्फ भरून त्याने बाटली आत निजवली आणि निघताना सासूबाईंपुढे वाकला. त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी आपल्या नेहमीच्या स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा मिटले. बोलल्या नाहीत. सासूबाईंचं सकाळचं मौन होतं. उठल्यापासून दुपारी बाराच्या ठोक्यापर्यंत एक अक्षर नाही. गेली अकरा वर्षं ते कधी मोडलं नव्हतं. ताप आला तेव्हा नाही, पाय मुरगळला तेव्हाही नाही. लिहून दाखवणंही त्यांना मान्य नव्हतं, कारण लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणं. कुणी काही विचारलं तर हो किंवा नाही एवढी मान हलवायची, त्यापलीकडे काही नाही. का, असं एकदा भुंग्याने विचारलं होतं. दुपारचे साडेबारा झाले होते, म्हणून उत्तर मिळालं होतं. "यांना एकदा सकाळी घाईघाईत नको ते बोलले होते, जावईबापू. परत घेईन म्हटलं, तर दुपारी ते नव्हतेच. तेव्हापासून सकाळचा शब्द मी देवाला देऊन टाकलाय."

भुंगा त्या दिवशी चक्क दहा मिनिटं गप्प बसला होता.

*

स्पर्धेचं सभागृह मोठं होतं. पुढे खुर्च्यांच्या रांगा, समोर मंचावर चकाकणारं मशीन आणि मागे पडदा टाकून केलेली तयारीची खोली. खोलीत आठ स्पर्धक आठ टेबलांशी उभे होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भुंग्याने कप पुसले. पुसलेले कप पुन्हा पुसले. शेजारच्या दाढीवाल्या स्पर्धकाला त्याने हवामान, दाण्यांची भाजणी आणि आपली पाठदुखी यांबद्दल एका दमात सांगितलं. दाढीवाल्याने शांतपणे कानांत बोळे घातले.

साडेदहाला बायको आली. तिच्या मागून सासूबाई.

"आईंना आत कसं सोडलं?" भुंगा कुजबुजला. "आत एकालाच येता येतं!"

"दारावरच्या मुलीने विचारलं, आपण कोण? आई काही बोलली नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा तिने घाबरून खुर्ची दिली आणि पाणी आणलं. तिला वाटलं, परीक्षकच आहेत."

सासूबाईंनी डोक्याला घट्ट रुमाल बांधला होता आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आईंना काय झालं?"

"काय होणार? तुझी काळजी. मी अंघोळ करून आले तर ही आरशासमोर डोळे पुसत उभी. तेव्हापासून नुसती दाराकडे ढकलतेय मला. पायात चप्पल नीट घालू दिली नाही."

भुंग्याला भरून आलं. जवळ जाऊन तो म्हणाला, "आई, एवढं मनाला लावून घेऊ नका." आणि तेवढ्यात त्याला आपल्या अर्काचा वास आला. आंबट-गोड, सफरचंदाचा, अगदी तोच. बाटली तर अजून खोक्यात बंद होती. नऊ दिवस वास घेऊन घेऊन नाकालाच भास व्हायला लागले, असं म्हणून त्याने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं.

दहा पस्तीसला त्याने बाटली काढली, बूच उघडलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला.

काही नाही.

त्याने पुन्हा श्वास घेतला. लिंबाच्या सालीचा मंद वास आला. आंबटपणाचा मागमूस नव्हता. चमच्यात दोन थेंब घेतले तर ते थेंब चमच्यातून पडेचनात, लांबत लांबत खाली आले. जिभेवर ठेवले, तर रेशमाची चिंधी फिरावी तसं काहीतरी घसरून गेलं.

भुंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हा माझा अर्क नाही," तो म्हणाला. "हा माझा अर्क नाही. हा माझा..."

"एकदा बोललास, कळलं," बायको म्हणाली. तिने बूच उलटंसुलटं करून पाहिलं. "चौदा तर लिहिलंय."

"अक्षर बघ! चौदाचा एक माझा असा नसतो. माझा एक वाकडा असतो."

दोघांनी एकाच वेळी मागे पाहिलं. सासूबाई खुर्चीतून उठून टेबलाशी आल्या होत्या आणि त्यांची मान खाली होती.

इथे थोडं मागे जायला हवं. महिन्याभरापूर्वी भुंग्याने घरात अर्धा तास भाषण केलं होतं. कॅफेत तारखेची पट्टी लावल्याशिवाय एकही बाटली फ्रिजमध्ये जात नाही, मग घरातच हा अंधार का? बायको हसली होती. सासूबाईंनी मात्र एक शब्द न बोलता पट्टीचं अख्खं रीळ ताब्यात घेतलं होतं, आणि आठवडाभरात घरातल्या प्रत्येक बरणीवर, डब्यावर आणि बाटलीवर तारीख आली होती. फक्त तारीख. आत काय आहे तेही लिहावं, हे सांगायचं भुंग्याच्या अर्ध्या तासात राहून गेलं होतं.

"आई," भुंग्याने आवाज सांभाळत विचारलं, "हे तुम्ही केलंय?"

मान हलली. हो.

"आणि माझा अर्क? तो कुठाय? घरी?"

सासूबाईंची मान जराशी हलली आणि मधेच थांबली. आता हा प्रश्न हो-नाहीचा नव्हता.

"आई, तो सांडला का?" बायकोने विचारलं.

सासूबाई विचारात पडल्या. खोटं त्यांना चालत नसे, अर्धवट खरंही नाही. अखेर हो अशी मान हलली.

"सगळा?"

हो.

"माझे नऊ दिवस!" भुंगा खाली बसला आणि खुर्ची नव्हती म्हणून खोक्यावर बसला. खोक्यात बर्फ होता, म्हणून लगेच उठला. "अठरा वेळा हलवला होता गं तो. रात्री उठून बघायचो. आता माझं भाषण? सगळं भाषण त्या आंबटपणावर आहे! 'माझ्या लहानपणी घराशेजारी सफरचंदाची बाग होती...'"

"तुझ्या लहानपणी घराशेजारी लॉन्ड्री होती," बायको म्हणाली.

"लॉन्ड्रीला गुण मिळत नाहीत!"

तेवढ्यात सासूबाईंनी आपल्या नियमात न बसणारी गोष्ट केली. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं, मग तो हात डोक्यावर नेला आणि हवेत गोल फिरवून खाली आणला. दोनदा. मग एकदम ओशाळून हात शालीखाली लपवला.

"काय म्हणतात?" भुंग्याचे डोळे मोठे झाले.

बायको आयुष्यभर आईच्या सकाळी वाचत आली होती. तिने क्षणात निकाल दिला. "डोक्यावर हात फिरवला ना? केस विंचर म्हणतेय. बघ कसा झालायस, काकडीच्या शेतातलं बुजगावणं."

सासूबाईंनी जोरात नाही नाही अशी मान हलवली.

"मग डोक्याला ताप करून घेऊ नकोस म्हणते."

सासूबाईंनी डोळेच मिटून घेतले. भुंग्याने तरीही केस विंचरले. बुडत्याला काडीचा आधार.

*

दहा पन्नास. दुसरा अर्क मिळणं शक्य नव्हतं आणि पेय न देता मंचावर उभं राहिलं तर बाद. हातात होती ती ही बाटली. प्रश्न एवढाच की तिच्यात आहे काय.

"आईला सरळ बोलायला लावू का?" बायको हळूच म्हणाली. "एक शब्द. देव काही छडी घेऊन बसला नाहीये."

भुंग्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या दोन्ही हात घट्ट धरून उभ्या होत्या आणि त्याच्याकडेच बघत होत्या. तो विचारेल तर त्या बोलतील, हे त्याला स्वच्छ दिसलं. अकरा वर्षांनंतर पहिल्यांदा, त्याच्या एका बाटलीपायी. बटणाचं मशीन डोळ्यांसमोर येऊन उभं राहिलं. मग ते दुपारचं साडेबाराचं उत्तर आठवलं.

"नको," तो म्हणाला. "मी विचारतो, त्या मान हलवतील. आई, हे पोटात गेलं तर चालेल ना?"

सासूबाई बराच वेळ विचार करत राहिल्या. मनातल्या मनात त्या एकेक जिन्नस तपासत असाव्यात. मग हो अशी मान हलली, पण भुवया वर गेल्या. चालेल, पण कुणी घेत नाही, असा काहीसा तो चेहरा होता.

बायकोने आधी स्वतः चमचाभर पिऊन दाखवलं. "बरंय की. जरा फिक्कं आहे."

"सफरचंद आहे?"

हो.

"माझ्या सजावटीच्या सफरचंदांच्या उरलेल्या साली?"

हो.

"लिंबाची साल?"

हो.

"साखर?" नाही. "गूळ?" नाही. "मध?" हो. "दालचिनी?" नाही. "लवंग? वेलदोडा? बडीशेप?" नाही, नाही, नाही. "मग हा रेशमीपणा कशाचा? तांदळाची पेज? केळं? साबुदाणा? बटाटा?" बटाट्याला सासूबाईंनी ज्या नजरेने पाहिलं त्यावरून भुंग्याने पुढचे कंद सोडून दिले. पंचेचाळीस पदार्थ झाले. चौथी गोष्ट काही सापडेना.

मग त्याने विचारणं थांबवलं आणि कामाला लागला. तोंडाने घाबरट असला तरी भुंग्याचे हात जाणते होते. बाटलीतलं फिक्कं होतं, म्हणून त्याचंच प्रमाण वाढवलं. एस्प्रेसो आखूड, कमी पाण्याची काढली, म्हणजे कडवटपणा मागे राहील. पहिला कप दातांवर चिकटला. दुसरा बर्फावर हलवून गाळून घेतला. बायको प्यायली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून टोमणा निघाला नाही. "अरे," एवढंच म्हणाली.

"चांगलं का वाईट?"

"गप. पिऊ दे."

पडद्यामागून पुकारा झाला.

*

पहिली दहा मिनिटं कशी गेली ते भुंग्याला नंतर आठवलं नाही. एस्प्रेसो झाली, दुधाची कॉफी झाली. पहिल्या रांगेत मालक बसले होते आणि त्या रंगीत पुस्तिकेने वारा घेत होते. प्रत्येक झुळकेबरोबर बटणाचं मशीन वर यायचं आणि खाली जायचं.

शेवटच्या पेयाचे चार छोटे ग्लास त्याने परीक्षकांपुढे ठेवले. मधोमध मुख्य परीक्षकबाई. कानावर पेन्सिल, केस मागे करकचून बांधलेले, भांग दिवसेंदिवस रुंद होत चाललेला. त्यांनी भुंग्याला ओळखलं होतं. "बोला," त्या म्हणाल्या, आणि अकरा चवींची तयारी म्हणून कागदाची नवी बाजू काढली.

भुंग्याने तोंड उघडलं. सफरचंदाची बाग जिभेच्या टोकावर आली. नमनाला घडाभर तेल ओतायची सवय ती! पण नेमकं तेव्हाच त्याचं लक्ष दुसऱ्या रांगेकडे गेलं. सासूबाई अर्धवट उभ्या राहिल्या होत्या. ओठ उघडे. छातीशी धरलेला हात.

त्यांना बोलावं लागू नये, म्हणून भुंगा घाईने बोलला. "सफरचंदाची साल," तो म्हणाला. "लिंबाची साल. मध. आणि शेवटी जीभभर रेशीम."

परीक्षकबाई वाट बघत राहिल्या. 

"एवढंच?"

"एवढंच."

गेल्या वर्षीचे जे कोणी प्रेक्षकांत होते ते खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्या रांगेत सासूबाई हळूच खाली बसल्या.

चौघांनी ग्लास उचलले. प्यायले. एकाने भुवया वर केल्या. दुसरा पुन्हा प्यायला, जे करायची गरज नव्हती. परीक्षकबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "तोंडात हे जे राहतं," त्या म्हणाल्या, "हे कशाने येतं?"

झालं. इथे खोटं बोलता आलं असतं. फळाचा चीक म्हणावं, नाहीतर कुठल्याशा दूरदेशीच्या झाडाचा डिंक म्हणावं. 

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

मालकांचा वारा थांबला.

"पेय तुमचं, आणि तुम्हाला माहीत नाही?"

"अर्क माझ्या सासूबाईंनी केलाय. खाण्याचेच जिन्नस आहेत, विचारून घेतलंय. तीन ओळखले, चौथा नाही ओळखता आला. त्या समोर बसल्यात. पण बारापर्यंत त्यांचं मौन असतं."

परीक्षकबाईंनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा अठ्ठावीस. "नियमाप्रमाणे सगळे जिन्नस कागदावर यायला हवेत," त्या म्हणाल्या. "कागद सव्वाबाराला बंद होतात. कळलं तर ठीक. नाहीतर पेय बाद."

*

बत्तीस मिनिटं. भुंगा सासूबाईंशेजारी जाऊन बसला आणि घड्याळाचा काटा डोळ्यांनी ढकलायला लागला. मंचावर दाढीवाला आपली कॉफी करत होता. मालक मागून वाकून कुजबुजले, "काय रे, जिन्नस माहीत नाही म्हणतोस? बटणावर निदान लिहिलेलं तरी असतं."

भुंगा घड्याळाकडेच बघत राहिला. पुन्हा तो आंबट-गोड भास झाला. शेजारूनच. त्याने नाक चिमटीत धरलं.

बाराला पाच मिनिटं असताना परीक्षकबाई स्वतः कागद घेऊन आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. मागून दुसरे तिघे. त्यांच्या मागे दाढीवाला, कानांतले बोळे काढून. भिंतीवर बारा वाजले तेव्हा सासूबाईंनी मनगटावरचं छोटं घड्याळ पाहिलं. भिंतीवरचं दोन मिनिटं पुढे होतं. त्यांनी भिंतीवरच्याला जुमानलं नाही. दोन मिनिटं सगळं सभागृह एका म्हाताऱ्या बाईच्या मनगटाकडे बघत उभं होतं.

मग त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि डोळे उघडले.

"जवस," सासूबाई म्हणाल्या. "मूठभर जवस पाण्यात उकळून गाळलेत. घरात आम्ही खातो तेच."

"जवस!" भुंगा किंचाळला. बटाट्यापर्यंत गेला होता, आणि जवस नाही आठवलं!

परीक्षकबाईंनी लिहून घेतलं. "सुंदर. आणि हे तुम्ही एरवी कशाबरोबर घेता?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग चढला. पण विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचं, हाही त्यांचा नेमच होता. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला.

"घेत नाही, बाई. केसांना लावते. न्हाऊन झालं की डोक्यावर ओतायचं."

 चार परीक्षकांच्या चार जिभा एकाच वेळी आपापल्या ओठांवरून फिरल्या.

"फ्रिजच्या दारात माझी अशीच बाटली असते," सासूबाई भुंग्याकडे वळल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना बारा वाजायची घाई झाली होती, आणि साठलेलं सगळं भरभर बाहेर पडलं. "काल संध्याकाळी हिने जादा दूध ठेवायला बाटल्या इकडच्या तिकडे केल्या असतील. दोन्हीवर चौदा. तुम्ही सांगितलंत ना, तारीख लिहा, म्हणून लिहिली. तुम्ही गेल्यावर मी न्हायले आणि दारातली बाटली डोक्यावर ओतली. डोळ्यांत गेलं तेव्हा कळलं की ते तुमचं नऊ दिवसांचं आहे. तोवर संपलं होतं, जावईबापू. मी खूण केली, तर तुम्ही केस विंचरलेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. भुंग्याने वाकून सासूबाईंच्या मोकळ्या केसांचा वास घेतला. आंबट-गोड, सफरचंदाचा, वरचा सुगंधही न उडालेला.

"मी आईला म्हटलं होतं," बायको पुटपुटली, "डोळ्यांत पाणी जायच्या आत..." पण तिने काहीच म्हटलं नव्हतं, म्हणून वाक्य तिथेच सोडलं.

मालक उठून उभे राहिले. पुस्तिका त्यांनी काखेत मारली होती. भुंग्याला सोमवार दिसायला लागला.

परीक्षकबाई मात्र हलल्या नव्हत्या. त्यांनी कागद पाहिला. सफरचंदाची साल, लिंबाची साल, मध, जवस. "सगळे खाण्याचेच आहेत," त्या तिघांना म्हणाल्या. "माणूस ते कुठे ओततो, याबद्दल नियमात काही नाही." तिघांनी मान डोलावली, जरा सावकाश. मग त्या खाली वाकल्या आणि आवाज अगदी लहान करून म्हणाल्या, "आजी, याने गळायचे थांबतात का?"

"दोन महिन्यांत," सासूबाई म्हणाल्या. "पण नेमाने लावायला हवं."

परीक्षकबाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागदाच्या मागे मूठभर जवसाचं प्रमाण लिहून घेतलं.

*

निकाल साडेबाराला लागला. दाढीवाला पहिला. भुंगा तिसरा, अर्ध्या गुणाने. वर्णनाच्या रकान्यात पैकीच्या पैकी, आणि खाली शेरा: "चार सांगितल्या, चार सापडल्या. स्पर्धकाने असेच बोलावे."

मालकांनी पुस्तिकेची सुरळी करून भुंग्याच्या खांद्यावर मारली. "सोमवारपासून हेच पेय ठेवायचं काउंटरवर. रोज वीस ग्लास. बटणाच्या बापाला नाही जमणार हे!" मग जरा थांबून म्हणाले, "केसांचं मात्र कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार," भुंगा म्हणाला, आणि पुढे काहीच बोलला नाही. मालकांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

घरी जाताना बायको पुढे चालत होती, खोकं घेऊन. मागून सासूबाई आणि भुंगा.

"आई," तो म्हणाला, "मी चवी सांगायच्या आधी तुम्ही उठला होतात. बोलणार होतात ना?"

"तोंड उघडलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, मौन मोडतंय तर मोडू दे, परीक्षकांच्या पोटात न सांगता काही जायला नको. मग तुम्ही चारच शब्द बोललात, आणि चारही खरे. मी कशाला बोलू?"

थोडा वेळ दोघं गप्प चालले. भुंग्याला ते जड गेलं नाही.

"पण वीस ग्लास रोजचे, आई. बाटल्या लागतील. तुम्हाला जमेल?"

"जमेल की. जवस उकळायला काय लागतं? मीच देईन करून." त्या दोन पावलं चालल्या आणि हळूच डोक्यावरून हात फिरवला. "फक्त एक मागणं आहे, जावईबापू."

"बोला ना."

"तुमचं ते आंबट पाणी पुन्हा मुरत घालाल का? नऊ दिवस लागले तरी चालतील. वीस वर्षांत माझे केस इतके मऊ झाले नव्हते."